गती टिकायला कारण लागत नाही

सहाव्या शतकात होऊन गेलेल्या वराहमिहिराने ‘पंचसिद्धांतिका’ या ग्रंथात एक शंका मांडली आहे. काहींच्या मते आकाशातले तारे फिरत नाहीत, पृथ्वीच स्वतःभोवती फिरते. हे खरं मानलं, तर घरट्यातून उडालेला ससाणा पुन्हा घरट्यात कसा पोहोचेल? तो हवेत असताना खालची जमीन तर पुढे निघून गेलेली असणार!

पृथ्वी फिरते असं म्हणणारा होता आर्यभट. इ.स. ४९९ मध्ये तो अवघा तेवीस वर्षांचा होता. त्याने नावेचं उदाहरण दिलं होतं. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच फिरत्या पृथ्वीवरून पाहणाऱ्याला स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. विचार अगदी बरोबर होता. पण ससाण्याच्या घरट्याचं उत्तर त्यात नव्हतं. पुढे इ.स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिताना ब्रह्मगुप्ताने आणखी एक प्रश्न विचारला : पृथ्वी फिरत असेल, तर उंच वस्तू कोसळत कशा नाहीत? शून्यासह गणित करण्याचे नियम लिहून ठेवणाऱ्या माणसाचा हा प्रश्न आहे. तो सहज उडवून लावण्यासारखा नाही.

आजच्या आकड्यांत पाहिलं तर त्याचं वजन आणखी जाणवतं. उज्जैनच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १५४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सव्वाचारशे मीटरहून जास्त चालीने पूर्वेकडे जाते आहे. वीस मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून दगड सोडला, तर तो जमिनीवर यायला दोन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मनोरा साडेआठशे मीटर पुढे गेलेला असतो. मग दगड मनोऱ्याच्या पायथ्याशीच कसा पडतो?

आर्यभटानंतर अकराशेहून अधिक वर्षांनी या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं. ते उत्तर म्हणजे जडत्व. शाळेत आपण त्याची व्याख्या एका वाक्यात पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. पण ही कल्पना इतक्या बुद्धिमान माणसांच्या हाती का लागली नाही, हे समजून घेतलं, तर ती कायमची आपली होते.

बैल थांबले की गाडी थांबते

रोजचा अनुभव काय सांगतो? बैल ओढतात तोवर गाडी चालते. बैल थांबले की गाडी थांबते. पेडल मारणं सोडलं की सपाट रस्त्यावरची सायकल मंदावत मंदावत उभी राहते. कपाट सरकवताना हात काढले की कपाट जागच्या जागी थांबतं. यावरून कुणीही म्हणेल, हलवणारा असेल तोवरच वस्तू हलते. इ.स.पू. चौथ्या शतकात ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने हेच शास्त्र म्हणून मांडलं. जड वस्तू खाली येणं ही तिची नैसर्गिक गती. पण ओढलेल्या, ढकललेल्या, फेकलेल्या वस्तूला सतत कुणीतरी चालवणारा हवा. हे मत शतकानुशतकं टिकलं, कारण ते डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींशी जुळत होतं.

अडचण आणली बाणाने. दोरी सुटल्यावर बाणाला ढकलणारं कुणी उरत नाही, तरी तो दूरवर जातो. ॲरिस्टॉटल म्हणाला, हवाच त्याला पुढे रेटते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसने याला आव्हान दिलं. हवेनेच बाण जात असेल, तर धनुष्य हवंच कशाला? बाणामागची हवा जोराने हलवली की काम भागायला हवं! त्याच्या मते फेकणारा माणूस फेकलेल्या वस्तूत काहीतरी भरतो आणि त्याच्या आधाराने ती जात राहते.

असाच विचार आपल्याकडे वैशेषिक दर्शनात झाला होता. कणादाच्या सूत्रांनुसार बाणाची पहिली हालचाल दोरीच्या रेट्याने होते. त्या हालचालीतून बाणात ‘संस्कार’ उपजतो आणि पुढची वाटचाल त्या संस्काराच्या बळावर होते. संस्कार उरला नाही की गुरुत्वामुळे बाण खाली पडतो. अकराव्या शतकात इब्न सीनाने हा विचार आणखी ताणला : पोकळीत अशा बाणाची गती संपायला काही कारणच उरणार नाही. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदाँने त्याला मापाची जोड दिली. वस्तूत द्रव्य जितकं जास्त आणि वेग जितका जास्त, तितका हा आतला जोर मोठा, असं तो म्हणाला.

ही सगळी माणसं उंबरठ्यापर्यंत पोहोचली होती. पण एक समजूत सुटत नव्हती : वस्तू चालत राहायची तर तिला चालवणारं काहीतरी हवंच. बाहेरचा ढकलणारा गेला आणि त्याच्या जागी आतला ढकलणारा आला, एवढाच फरक झाला.

गॅलिलिओचा उतार

१५९२ ते १६१० या काळात गॅलिलिओ इटलीतल्या पादुआ विद्यापीठात शिकवत होता. गतीवरचं त्याचं महत्त्वाचं काम इथलंच. त्याने एका लांबलचक लाकडी तुळईत सरळ खाच कोरली, खाचेत गुळगुळीत चर्मपत्र बसवलं आणि तुळई एका बाजूने उचलून त्यावरून काशाचा गोळा सोडला. इतका थोडा वेळ अचूक मोजणारं घड्याळ त्याच्याकडे नव्हतं. म्हणून गोळा सुटल्यापासून थांबेपर्यंत भांड्यातून बारीक धारेने पाणी पडू द्यायचं आणि जमलेल्या पाण्याचं वजन करायचं; वजनावरून वेळ कळे. मोजमापांतून दिसलं, की लागोपाठच्या समान कालखंडांत गोळा १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापतो. त्याचा वेग एकसारखा वाढत जातो.

याहून मोठी गोष्ट त्यानंतरच्या विचारात होती. उतारावर गोळ्याचा वेग वाढतो. चढावर कमी होतो. मग चढही नाही आणि उतारही नाही, अशा सपाट जागेवर काय होईल? वेग वाढायला कारण नाही. कमी व्हायलाही कारण नाही. म्हणजे तो आहे तसाच राहायला हवा. प्रत्यक्षात गोळा काही वेळाने थांबतो, हे गॅलिलिओलाही दिसत होतं. पण पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितका गोळा लांब जातो, हेही दिसत होतं. त्याने अडथळे एकेक करून मनातून वजा केले आणि शेवटी काय उरतं ते पाहिलं.

कॅरम खेळणाऱ्यांच्या बोटांना हे ठाऊकच असतं. पावसाळ्यात बोर्ड दमट झाला की सोंगटी अर्ध्या वाटेत अडते. बोर्ड कोरडा पुसून वर बोरिक पावडर भुरभुरली, की तेवढ्याच फटक्याने तीच सोंगटी समोरच्या कडेला आपटून परत येते. पावडरने सोंगटीला जोर दिला का? पावडर कुणाला ढकलत नाही. तिने फक्त घर्षण कमी केलं. म्हणजे आधी सोंगटी थांबत होती ती तिच्यातला जोर संपला म्हणून थांबत नव्हती. बोर्ड तिला थांबवत होता. आता घर्षण शून्यावर आलं आहे, बोर्ड हवा तेवढा लांब आहे, कडा नाहीत आणि हवाही नाही, अशी कल्पना करा. सोंगटी कुठे थांबेल? कुठेच नाही.

इथे दोन हजार वर्षांचा प्रश्न बदलला. ‘वस्तू चालत का राहते?’ हा प्रश्न मागे पडला. ‘वस्तू थांबते ती कशामुळे?’ हा खरा प्रश्न पुढे आला. रोजच्या जगात घर्षण आणि हवेचा विरोध इतके सगळीकडे आहेत, की ते आहेत हेच आपण विसरतो आणि त्यांनी केलेली करणी वस्तूचा स्वभाव समजतो.

जहाजाच्या पोटात

ससाण्याकडे वळण्याआधी गॅलिलिओसोबत जहाजात जाऊ. १६३२ साली त्याचा प्रसिद्ध ‘संवाद’ छापून आला. पृथ्वी स्थिर की सूर्य, यावर तीन माणसं त्यात चर्चा करतात. त्यांच्यातला एक जण म्हणतो, जहाजाच्या तळाच्या खोलीत स्वतःला बंद करून घ्या. सोबत काही फुलपाखरं घ्या, एका भांड्यात मासे घ्या आणि एक बाटली उलटी टांगून तिच्यातून थेंब थेंब पाणी खालच्या अरुंद तोंडाच्या भांड्यात पडू द्या. जहाज उभं असताना सगळं नीट पाहा. मग ते हव्या त्या वेगाने चालू द्या. अट एवढीच, की ते डुलता कामा नये आणि त्याचा वेग बदलता कामा नये. आता पुन्हा पाहा. थेंब त्याच भांड्यात पडतात. फुलपाखरं मागच्या भिंतीपाशी गोळा होत नाहीत. तुम्ही पुढे उडी मारा की मागे, सारख्याच अंतरावर पोहोचता. खोलीतल्या कोणत्याही गोष्टीवरून जहाज चालू आहे की उभं, हे सांगता येत नाही.

कारण सरळ आहे. जहाजातली प्रत्येक वस्तू आधीपासूनच जहाजाच्या वेगाने पुढे जाते आहे. बाटलीतून थेंब सुटला म्हणून त्याचा पुढे जाण्याचा वेग काढून घेणारं कुणी नाही. तो खालीही येतो आणि पुढेही जातो. १६४० साली प्येर गासेंदी या फ्रेंच विद्वानाने मार्सेच्या समुद्रात हे जाहीरपणे करून दाखवलं. वेगाने जाणाऱ्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड सोडले. ते डोलकाठीच्या बुंध्याशीच पडले.

आता ससाण्याचं उत्तर तुम्हीच देऊ शकाल. फांदीवर बसलेला असताना ससाणा फांदीसह पूर्वेकडे जातच असतो. उडाल्यावर ती गती त्याला सोडून जात नाही. ज्या हवेत तो पंख मारतो, तीही जमिनीसोबत फिरते आहे. म्हणून घरटं त्याच्याखालून निसटत नाही आणि पताका सतत पश्चिमेकडे फडकत नाहीत. मनोऱ्यावरचा दगडही सुटण्याआधीच मनोऱ्याच्या वेगाने जात असतो. खरं तर मनोऱ्याचं टोक पृथ्वीच्या मध्यापासून अधिक लांब असल्याने पायथ्यापेक्षा किंचित वेगाने फिरतं. त्यामुळे वीस मीटरवरून सोडलेला दगड पश्चिमेला राहायच्या ऐवजी पूर्वेलाच, दोन मिलिमीटरपेक्षाही कमी अंतराने, पुढे पडतो.

‘संवाद’ या पुस्तकाची किंमत गॅलिलिओने मोजली. १६३३ मध्ये रोमच्या धर्मन्यायालयाने त्याला दोषी ठरवलं आणि उरलेलं आयुष्य त्याने नजरकैदेत काढलं. गतीवरचा त्याचा शेवटचा मोठा ग्रंथ इटलीत छापता येईना. तो १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडन शहरात निघाला. तोवर त्याची दृष्टी गेली होती.

गोफणीतला दगड कुठे जातो?

गॅलिलिओच्या मांडणीत एक उणीव होती. त्याच्या लेखी सपाट म्हणजे क्षितिजाला समांतर, आणि क्षितिज तर पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळतं. अडथळा नसलेली वस्तू नेमक्या सरळ रेषेत जाते, हे रने देकार्तने १६४४ च्या ‘तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे’ या ग्रंथात स्पष्ट सांगितलं. त्यासाठी त्याने घेतलेलं उदाहरण आपल्या शेतकऱ्यांच्या हातातलं आहे : गोफण.

ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलताना गोफणीत दगड घालून ती डोक्याभोवती गरगर फिरवतात आणि नेमक्या क्षणी एक दोर सोडतात. सुटलेला दगड वर्तुळात फिरत राहत नाही. डोक्यापासून थेट बाहेरच्या दिशेलाही जात नाही. सुटण्याच्या क्षणी त्याचं तोंड ज्या दिशेला असतं, त्या दिशेने, म्हणजे वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या सरळ रेषेने तो निघतो. तोपर्यंत त्याला वळायला भाग पाडत होता तो दोर. दोर सुटला, वळवणारं बल संपलं आणि दगड आपल्या सरळ वाटेला लागला. राखणदाराचा नेम या सरळ रेषेवरच बसलेला असतो.

घाटात बस वळण घेते तेव्हा आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो असं वाटतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहणाऱ्याला वेगळं दिसेल. प्रवाशाचं शरीर सरळ जात आहे आणि बस त्याच्या पुढ्यातून वळते आहे. शेवटी बसची बाजू किंवा शेजारचा दांडा प्रवाशाला आतल्या दिशेने ढकलतो, तेव्हाच तोही वळतो. बाहेर ढकलणारं कुणीच नसतं.

न्यूटनचा पहिला नियम

१६८७ साली आयझॅक न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला. त्यातला गतीचा पहिला नियम असा : बाहेरून असंतुलित बल लागत नाही तोवर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू त्याच वेगाने, सरळ रेषेत जात राहते. आपली अवस्था बदलण्याला वस्तूचा असलेला हा विरोध म्हणजे जडत्व. नियमाखाली न्यूटनने दिलेली उदाहरणं फेकलेल्या वस्तूची, भोवऱ्याची आणि ग्रह-धूमकेतूंची आहेत. मुलांच्या हातातला भोवरा आणि आकाशातला गुरू एकाच नियमाखाली आले.

या नियमातला ‘असंतुलित’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. बैलगाडी एकसारख्या वेगाने चाललेली असताना बैल पुढे ओढतात आणि चाकांचं, आसाचं घर्षण तेवढ्याच बलाने मागे खेचतं. दोन्ही बलं एकमेकांना पुरी पडतात, गाडीवरचं निव्वळ बल शून्य होतं आणि म्हणूनच वेग बदलत नाही. बैलांचे कष्ट गती टिकवण्यात जात नाहीत. ते घर्षणाला उत्तर देण्यात जातात. ॲरिस्टॉटलला बैल दिसले, घर्षण दिसलं नाही.

शिकायला लागलेल्यांच्या मनात आणखी दोन गोंधळ असतात. पहिला, जडत्व हे एक बल आहे. तसं नाही. बस थांबल्यावर ‘जडत्वाने पुढे ढकललं’ असं म्हणणं चुकीचं. कुणीही न ढकलल्यामुळेच आपण पुढे जातो. दुसरा, जडत्व फक्त थांबलेल्या वस्तूला असतं. तेही नाही. धावत्या मालगाडीला थांबवणं अवघड आणि उभ्या मालगाडीला हलवणं अवघड, ही एकाच गुणधर्माची दोन रूपं आहेत.

जडत्व मोजायचं कसं?

वस्तुमान हेच जडत्वाचं माप. न्यूटनचा दुसरा नियम सांगतो : बल = वस्तुमान × त्वरण. सारख्याच बलाने दुप्पट वस्तुमानाच्या वस्तूला निम्मंच त्वरण मिळतं.

वस्तुमान आणि वजन यांतला फरक अंतराळस्थानकात स्पष्ट दिसतो. तिथे अंतराळवीर तरंगत असतात आणि वजनकाटा निरुपयोगी ठरतो. पण महिनोन्महिने राहणाऱ्या माणसाचं शरीर झिजतं आहे का, हे कळणं तर गरजेचं असतं. म्हणून त्याला एका स्प्रिंगच्या उपकरणाला धरायला लावतात. स्प्रिंग ठरावीक बलाने ओढते आणि तो किती झपाट्याने हलला हे उपकरण मोजतं. सावकाश हलला तर वस्तुमान जास्त, पटकन हलला तर कमी. वजन भासेनासं झालं, तरी जडत्व तसूभरही कमी होत नाही.

यातूनच आणखी एक कोडं सुटतं. जड आणि हलका दगड एकाच वेळी जमिनीवर का येतात? जड दगडाला पृथ्वी अधिक बलाने ओढते हे खरं. पण त्याचं जडत्वही तितक्याच पटीने जास्त असतं. दोन्ही पटी एकमेकींना काटतात. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर, जिथे हवेचा विरोध नाही, हातोडा आणि पीस एकत्र सोडून हे साऱ्या जगाला दाखवलं. या बरोबरीला योगायोग मानायला अल्बर्ट आइन्स्टाइन तयार नव्हता. तिच्यावर विचार करत तो १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतापर्यंत पोहोचला. पुण्यात ‘आयुका’ या संशोधन संस्थेच्या आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे एकत्र आहेत. हे प्रकरण वाचलेल्याला त्या चौघांमधला धागा दिसेल.

इंजिन बंद ठेवून प्रवास

पृथ्वीवर शुद्ध जडत्व पाहायला मिळत नाही. त्यासाठी अंतराळातच जावं लागतं. १४ जुलै २०२३ रोजी निघालेलं चांद्रयान-३ महिनाभर इंजिन चालवत गेलं असेल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात इंजिन मोजक्या वेळा, थोडा थोडा वेळ पेटवलं गेलं : कक्षा मोठी करायला, चंद्राच्या दिशेने वळायला, चंद्राच्या कक्षेत शिरताना वेग कमी करायला आणि शेवटी २३ ऑगस्टला अलगद उतरायला. म्हणजे इंजिन लागलं ते वेग किंवा दिशा बदलण्यासाठी. मधला सगळा प्रवास मिळालेल्या गतीने आणि पृथ्वी-चंद्राच्या ओढीखाली झाला.

व्हॉयेजर १ याचं आणखी मोठं उदाहरण. ५ सप्टेंबर १९७७ रोजी ते निघालं, वाटेत गुरू आणि शनीच्या गुरुत्वाकर्षणातून त्याला वेग मिळाला आणि २०१२ मध्ये ते आंतरतारकीय अवकाशात पोहोचलं. आज ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर जातं आहे. त्याच्यावरचे छोटे थ्रस्टर लागतात ते अँटेना पृथ्वीकडे रोखून धरायला. पुढे ढकलणारं कुणी नाही. सूर्याची दुबळी ओढ वेग अगदी किंचित कमी करते, एवढंच. यानातली वीज संपेल, रेडिओ गप्प होईल, तरी यान चालतच राहील. कारण त्याला थांबवणारं तिथे जवळपास काहीच नाही.

करून पाहा

१. कॅरमच्या पाच-सहा सोंगट्या एकावर एक रचा. सगळ्यात खालच्या सोंगटीवर स्ट्रायकर जोरात मारा. खालची निसटते आणि वरची चळत सरळ खाली बसते. खालची सोंगटी इतक्या कमी वेळात निघून जाते, की तिच्या घर्षणाला वरच्या सोंगट्यांना गती द्यायला पुरेसा वेळच मिळत नाही. आता हाच फटका हळू मारा आणि काय होतं ते पाहा.

२. एक कच्चं आणि एक उकडलेलं अंडं ताटलीत गरगर फिरवा. बोट टेकवून क्षणभर थांबवा आणि लगेच बोट उचला. उकडलेलं थांबलेलंच राहील. कच्चं पुन्हा फिरू लागेल. तुम्ही कवच थांबवलं होतंत. आतला बलक फिरतच होता.

३. पाण्याची बाटली जवळपास काठोकाठ भरून झाकण लावा, आत एक लहान बुडबुडा राहू द्या. बसमध्ये ती आडवी, बसच्या दिशेने धरा. बस सुटताना बुडबुडा कुठे जाईल, हे आधी वहीत लिहा. तो पुढे जातो! पाण्याचं जडत्व हवेपेक्षा कितीतरी जास्त. पाणी मागे रेंगाळतं आणि बुडबुड्याला पुढची जागा मिळते. ब्रेक लागला की उलट होतं.

पट्टा का लावायचा

एसटी बसने करकचून ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे झुकतात, आपण दांडा घट्ट धरतो आणि विसरून जातो. पण हाच नियम मोटारीत जिवाशी गाठ घालतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार झाडावर आदळली, तर मोटार थांबते. आतली माणसं मात्र त्या क्षणी ताशी ६० च्याच वेगाने पुढे जात असतात. हा वेग म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून, साधारण चौथ्या मजल्यावरून खाली पडल्यावर जमिनीशी येणारा वेग.

माणूस थांबणार हे ठरलेलंच आहे. प्रश्न आहे तो किती अंतरात थांबतो याचा. ७० किलोचा माणूस पट्ट्यामुळे आणि मोटारीचा पुढचा भाग चेपल्यामुळे अर्ध्या मीटरमध्ये थांबला, तर त्याच्यावर सरासरी दोन टन वजनाइतकं बल येतं. तेही भयंकर आहे. पण पट्टा ते छाती, खांदा आणि कमरेच्या मजबूत हाडांवर पसरवतो. पट्टा नसेल आणि काचेवर किंवा डॅशबोर्डवर आदळून तो पाच सेंटिमीटरमध्ये थांबला, तर हेच बल वीस टनांच्या घरात जातं. मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेला माणूस याच वेगाने पुढच्या माणसाच्या पाठीवर आदळतो.

मांडीवरच्या बाळाला घट्ट धरून ठेवू, ही समजूत तर सगळ्यात घातक. अर्ध्या मीटरमध्ये थांबणाऱ्या त्या मोटारीत दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे २८० किलो वजन उचलण्याइतकी ताकद लागेल. ती कोणत्याही आईबापाच्या हातात नसते. डोक्याचंही तेच : कवटी रस्त्यावर थांबते, आतला मेंदू पुढे जात राहतो. हेल्मेटमधला जाड थर चेपत जातो आणि डोक्याला थांबायला मोलाचे काही सेंटिमीटर मिळवून देतो.

आजचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ साली व्होल्वो कंपनीतल्या नील्स बोलीन या अभियंत्याने तयार केला. तो इतर कंपन्यांनाही वापरायला खुला ठेवल्याने जगभर पोहोचला आणि असंख्य जीव वाचले. जडत्वाचा नियम नीट समजलेल्या माणसाने केलेलं हे काम आहे.

हा नियम परीक्षेपुरता पाठ करू नका. मोटारीत बसलात की मागच्या सीटवरही पट्टा लावा, लहान मुलांना त्यांच्या खास सीटमध्ये बसवा, दुचाकीवर हेल्मेटचा बंद आवळा आणि घरातल्या मोठ्यांनाही हे करायला लावा. त्यांनी ‘कशाला?’ असं विचारलं, तर हे प्रकरण त्यांना समजावून सांगा.